देशाचं सुख कशानं मोजायचं?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



दोन शब्द बोलायला या, असं सांगायला कार्यकर्ते घरी आले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अरे बाबांनो, मी गणिताचा मास्तर. मला भाषण येत नाही, हिशेब येतो." ते म्हणाले, "मग गुरुजी, हिशेबावरच बोला." म्हणून आज मी हिशेबावरच बोलणार आहे. मात्र हा हिशेब किराणा दुकानातला नाही. कुठल्या देशातली माणसं किती सुखात आहेत आणि त्या समाजात एकोपा किती आहे, याचा हिशेब जगभरातले विद्वान मांडतात. तो कसा मांडतात, त्यात खरं किती, आणि त्यातून आपण काय घ्यायचं, एवढंच मला या ठिकाणी सांगायचं आहे.

सुरुवात एका आठवणीनं करतो. २०१०च्या मे महिन्यात माझ्याकडे जनगणनेच्या घरयादीचं काम होतं. भिंत कशाची, छप्पर कशाचं, खोल्या किती, नळ घरात की बाहेर, टीव्ही आहे का, सायकल आहे का, असे प्रश्न विचारत मी घरोघर फिरत होतो. एका चाळीतल्या आजींनी सगळी उत्तरं दिली, पाणी दिलं आणि शेवटी म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या कागदात सायकल हाय, टीव्ही हाय. पण रात्री-अपरात्री माझ्या छातीत दुखलं तर कोण धावून येतं, ते न्हाई विचारलंत." मी हसलो आणि निघालो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं, की आजींनी विचारलेला प्रश्न जगात खरोखरच विचारला जातो आणि त्याच्या उत्तराची टक्केवारीही निघते!

पैशाचं माप अपुरं का पडतं?

आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, की देशाचं उत्पन्न इतकं वाढलं, अर्थव्यवस्था इतक्या क्रमांकावर गेली. हे राष्ट्रीय उत्पन्नाचं माप. अमेरिकेत ते शास्त्रशुद्ध पायावर आणण्यात सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञाचा मोठा वाटा. त्यानं १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे अहवाल ठेवला आणि त्याच अहवालात इशाराही दिला, की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. म्हणजे ज्यानं तराजू तयार केला, त्यानंच सांगितलं, की या तराजूवर सगळंच तोलू नका. पण पुढे सगळ्या जगानं तेच केलं.

साधं उदाहरण घ्या. वस्तीत गटाराचं पाणी नळात मिसळलं, पोरं आजारी पडली, औषधं खपली, दवाखान्याची बिलं झाली. हे सगळं उत्पन्नात मिळवलं जातं. उलट आपल्या घरातल्या बाया पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत जे राबतात, त्याचा रुपयासुद्धा त्यात येत नाही. मग हे माप अपुरं नाही तर काय?

ही उणीव भरून काढायला १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं मानव विकास निर्देशांक काढला. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांची ही कल्पना, आणि त्यांना साथ मिळाली आपल्या अमर्त्य सेन यांची. एक भारतीय आणि एक पाकिस्तानी, केंब्रिजच्या विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. त्यांनी उत्पन्नाच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घेतल्या : माणूस किती वर्षं जगतो आणि शिक्षण किती मिळतं. २०२५च्या अहवालात १९३ देशांत भारत १३०वा आहे. हे माप पैशाच्या मापापेक्षा निश्चितच चांगलं. पण आजींचा प्रश्न यातही नाही.

दहा पायऱ्यांची शिडी

मग काही लोकांनी विचार केला, की माणूस सुखी आहे का हे त्यालाच का विचारू नये? हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक शिडी तयार केली. १९६५ साली त्याचं पुस्तक आलं. त्याच्या पाहणीत भारतातली माणसंही होती.

आपणही करून पाहू. सर्वांनी मनात एक शिडी आणा. खाली शून्य, वर दहा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य. शून्य म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? मोठ्यानं सांगू नका, नाहीतर घरी गेल्यावर भांडणं लागतील!

याच शिडीवरून २०१२ पासून जागतिक आनंद अहवाल निघतो. गॅलप ही संस्था देशोदेशी दरवर्षी साधारण हजार माणसांना हा प्रश्न विचारते, आणि तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढून क्रमांक लावतात. २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वेळा फिनलंडचा पहिला क्रमांक आला. २०२५ मध्ये १४७ देशांत भारत ११८वा. नेपाळ ९२वा, पाकिस्तान १०९वा, आपण त्यांच्याही खाली. आपल्याकडे दरवर्षी यावरून ओरड होते, की हा अहवाल खोटा आहे, पाश्चात्यांचा कट आहे. दुसरीकडे काही लोक तो अगदी प्रमाण मानतात. मी गणिताचा मास्तर म्हणून सांगतो, दोघंही घाई करतात.

क्रमांक लागतो तो फक्त शिडीच्या उत्तरावरून. नंतर तज्ज्ञ पाहतात, की देशादेशांत हा फरक कशामुळे पडला असेल. त्यासाठी ते सहा गोष्टी तपासतात : दरडोई उत्पन्न, निरोगी आयुष्य, आयुष्याचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक, दानत, भ्रष्टाचाराबद्दलचं मत, आणि सहावी गोष्ट म्हणजे अडचणीत ज्याच्यावर भिस्त ठेवावी असं कुणी आहे का? ऐकलंत? हाच तो आजींचा प्रश्न!

तक्रार नाही म्हणजे सुख आहे का?

पण या शिडीत एक गोम आहे. वरची पायरी ज्यानं कधी पाहिलीच नाही, तो आपली पायरी कशी सांगणार?

कल्पना करा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पणजोबांना गावकुसाबाहेर गाठून कुणी विचारलं असतं, "तुम्ही कितव्या पायरीवर?" तर त्यांनी कदाचित सांगितलं असतं, "बरं चाललंय मायबाप, चौथ्या-पाचव्या पायरीवर हाय." कारण वरच्या पायऱ्या आपल्यासाठी नाहीतच, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या शिकवलेलं. आणि त्यांचाच नातू शिकला, चवदार तळ्यावर गेला, त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "मी अजून दुसऱ्याच पायरीवर आहे." मग आजोबा जास्त सुखी होते का? नाही. नातवाला शिडी दिसायला लागली होती.

ही नुसती माझी कल्पना नाही. अमर्त्य सेन यांनी यावर खूप लिहिलं आहे. ज्यांना सतत कमीच मिळतं, ते आपल्या इच्छाच आखूड करून घेतात, असं ते म्हणतात. त्यांनी दिलेलं एक उदाहरण फार बोलकं आहे. केरळात माणसं जास्त वर्षं जगतात, साक्षरता जास्त, दवाखाने जास्त. पण 'मी आजारी होतो' असं सांगणाऱ्यांचं प्रमाणही तिथे जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी, पण आजारी असल्याचं सांगणारेही कमी. अमेरिकेतली माणसं तर केरळपेक्षाही जास्त तक्रारी सांगतात. मग बिहार सर्वांत निरोगी म्हणायचा का? ज्याला आपला आजार ओळखता येतो, डॉक्टर जवळ असतो, तोच आजार सांगतो.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा : गप्प असणारा समाज सुखी असतोच असं नाही. आपली तरुण मुलं जास्त तक्रार करतात म्हणून घरातली मोठी माणसं रागावतात, त्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

हरवलेलं पाकीट

आता एकोप्याकडे वळू. एकोपा कसा मोजतात? जागतिक मूल्य सर्वेक्षण नावाची एक पाहणी १९८१ पासून चालू आहे. तिच्यात एक प्रश्न असतो : "साधारणपणे बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की माणसांशी वागताना फार जपून राहावं लागतं?" डेन्मार्क, नॉर्वेमध्ये शंभरातले सत्तरच्या वर लोक म्हणतात, विश्वास ठेवता येतो. कोलंबिया, ब्राझील, फिलिपाइन्स या देशांत शंभरात दहासुद्धा तसं म्हणत नाहीत.

जर्मनीतल्या बर्टेल्समन फाउंडेशननं २०१३ साली ३४ देशांतल्या एकोप्याचा अभ्यास केला. शेजारसंबंध, माणसांवरचा विश्वास, वेगळ्या लोकांचा स्वीकार, आपलेपणा, सरकारी संस्थांवरचा विश्वास, न्याय मिळतो ही भावना, मदतीला जाणं, नियम पाळणं आणि सार्वजनिक कामात भाग घेणं, अशा नऊ गोष्टी तपासल्या. डेन्मार्क पहिला आला. आणि त्यांना असंही आढळलं, की जिथे एकोपा जास्त, तिथे लोक आपल्या आयुष्याबद्दलही जास्त समाधानी असतात. म्हणजे सुख आणि एकोपा एकमेकांपासून फार लांब नाहीत.

पण तोंडानं सांगणं वेगळं आणि करणं वेगळं. म्हणून काहींनी वेगळीच युक्ती केली. २०१३ साली रीडर्स डायजेस्ट मासिकानं जगातल्या १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम टाकून ठेवली. आत थोडे पैसे, फोन नंबर, घरच्या माणसांचा फोटो. हेलसिंकी या फिनलंडच्या राजधानीत १२ पैकी ११ परत आली. आणि दुसरा क्रमांक कुणाचा? आपल्या मुंबईचा! १२ पैकी ९. पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये एकच परत आलं. आता बारा पाकिटांवरून शहराची परीक्षा होत नाही, हे मी मास्तर म्हणून कबूल करतो. पण ऐकून बरं वाटलं की नाही?

पुढे २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग ४० देशांत, ३५५ शहरांत केला. सतरा हजारांवर पाकिटं. बँक, टपाल कचेरी, पोलीस ठाणं, हॉटेल अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन द्यायची, "हे रस्त्यात सापडलं, मालकाला पोचवा" म्हणायचं आणि निघून जायचं. काहींत पैसे, काहींत नाहीत. तुम्हाला काय वाटतं, कुठली जास्त परत आली? सगळे म्हणतील, रिकामी. पण घडलं उलट. बिनपैशाची शंभरात ४०, पैसेवाली शंभरात ५१. बहुतेक सगळ्या देशांत हेच. दुसऱ्याचं नुकसान होतंय म्हटल्यावर माणसाला स्वतःची लाज वाटते. माणूस आपण समजतो तेवढा वाईट नाही!

"बहुतेक माणसं" म्हणजे कोण?

इथवर ऐकून वाटेल, की चला, मुंबई दुसरी, आपला समाज फारच एकोप्याचा. थांबा. आता दुसरी गोम सांगतो.

"बहुतेक माणसांवर विश्वास आहे" असं कुणी म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कोण असतं? आपल्या गल्लीतली माणसं, आपल्या भाऊबंदकीतली, की सगळीच? २०११ साली काही समाजशास्त्रज्ञांनी ५१ देशांतली उत्तरं तपासली. तेव्हा लक्षात आलं, की काही देशांत या विश्वासाचं वर्तुळ लहान असतं. चीनसारख्या देशात विश्वासाचा आकडा मोठा दिसतो, पण 'बहुतेक माणसं' म्हणजे तिथे जास्त करून ओळखीचीच माणसं.

आपल्या देशात हे वर्तुळ कुठे थांबतं, हे मी सांगायला नको. पण आकडा सांगतो. २०११-१२ मध्ये भारतीय मानव विकास सर्वेक्षण झालं. दिल्लीची एक संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरिलँड विद्यापीठ यांनी मिळून देशभरातली ४२ हजारांवर कुटुंबं गाठली. त्यांना विचारलं, "तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का?" नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न : "अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली, तर चालेल का?" शंभरातल्या २७ कुटुंबांनी कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता पाळत असल्याचं कबूल केलं. खेड्यात ३०, शहरात २०. ही कबूल करणारी कुटुंबं! राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली, त्याला तेव्हा साठ वर्षं उलटून गेली होती.

बंधू-भगिनींनो, या २७ टक्क्यांतली बरीच कुटुंबं आपापल्या जातीत किती प्रेमानं राहत असतील! लग्नाला शंभर हात, मयताला दोनशे खांदे. त्यांना विचारलं, की अडचणीत धावून येणारं कुणी आहे का, तर ती म्हणतील, "आहे ना, सगळी आळी आहे." आकड्यात तो एकोपा दिसेल. पण ज्या भिंतीच्या आत तो एकोपा आहे, ती भिंतच दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी उभी आहे. अशा शंभर भिंतींच्या आतल्या एकोप्याची बेरीज केली, तर राष्ट्राचा एकोपा येत नाही. गणितात मी असं उत्तर चूक धरीन.

बाबासाहेबांनी हे १९४९ सालीच सांगून ठेवलं आहे. २५ नोव्हेंबरच्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता वेगवेगळ्या करता येत नाहीत, हे ठासून सांगितलं. जाती समाजात दुरावा आणि मत्सर निर्माण करतात, म्हणून त्या राष्ट्राच्या विरोधात जातात, असंही सांगितलं. आज जे विद्वान 'सामाजिक एकोपा' म्हणून मोजू पाहतात, ती आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतली बंधुताच आहे.

२०२५च्या आनंद अहवालात आणखी एक गोष्ट मोजली : माणसं एकत्र जेवतात का? अमेरिकेत २०२३ साली दर चारांतल्या एकानं आदल्या दिवशीची सगळी जेवणं एकट्यानं केली होती. वीस वर्षांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक वाढलं. एकत्र जेवणारी माणसं जास्त समाधानी असतात, असं दिसलं. वाचून मला वाटलं, प्रश्न चांगला आहे, पण आपल्या देशात अर्धाच आहे. कोणाबरोबर जेवलात? आणि कोणाच्या ताटात? सहभोजन हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. तो इथे चळवळीचा शब्द होता.

भूतानचं माप

आता एका बौद्ध देशाबद्दल. भूतानचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७०च्या दशकात म्हटलं, की आम्हाला राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा. २००८च्या त्यांच्या राज्यघटनेत तो शब्द आहे. तिथे नऊ अंगांनी आणि ३३ कसोट्यांनी सुख मोजतात : मनःस्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, वेळ कसा जातो, संस्कृती, कारभार, समाजजीवन, निसर्ग, राहणीमान. झोप किती मिळते, शेजाऱ्यावर विश्वास आहे का, हेसुद्धा विचारतात. २०१० मध्ये शंभरातली ४१ माणसं या कसोट्यांना उतरली होती, २०२२ मध्ये ४८. एका लहान देशानं सगळ्या जगाला नवा विचार दिला, याचं कौतुक केलंच पाहिजे.

पण आपुलकी वाटते म्हणून डोळे झाकून चालणार नाही. याच भूतानमधून १९९०च्या सुमारास नेपाळी बोलणारे, बहुतेक हिंदू असलेले लाखाच्या आसपास लोक बाहेर घालवले गेले. त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात. पूर्व नेपाळच्या छावण्यांत त्यांची वर्षानुवर्षं गेली. २००७ नंतर त्यातल्या लाखाहून अधिक माणसांना अमेरिका आणि इतर देशांनी सामावून घेतलं. आता सांगा, सुखाची पाहणी करणारा कर्मचारी छावणीत गेला होता का? जो बाहेर काढला गेला, तो सरासरीत येत नाही. मापाची ही तिसरी गोम : मोजायला कोणाला घेतलं, आणि कोणाला वगळलं? आपले असोत वा परके, हा प्रश्न प्रत्येकाला विचारलाच पाहिजे.

एकोपा जन्मजात नसतो

कुणी म्हणेल, फिनलंडची माणसंच मुळात शांत, चांगली. तसं नाही. १९१८ साली त्या देशात यादवी युद्ध झालं. गोरे आणि लाल असे दोन तट, भावाच्या उरावर भाऊ. तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात ३६ हजारांवर माणसं मेली, त्यातली हजारो कैद्यांच्या छावण्यांत उपासमारीनं आणि रोगानं. त्याच देशानं पुढे शाळा सर्वांना सारख्या केल्या, १९४८ पासून प्रत्येक शाळकरी मुलाला दुपारचं जेवण फुकट दिलं. गोऱ्यांची आणि लालांची नातवंडं एका बाकावर बसून एकच जेवण जेवली. एकोपा असा, पिढीभर कष्ट करून तयार होतो. जो तयार होतो, तो आपल्यालाही करता येईल.

आपलं माप आपण घेऊ

शेवटी एवढंच. जगाच्या यादीत भारत कितवा, हे आपल्या हातात नाही. पण आपल्या वस्तीचं माप आपण घेऊ शकतो. आज घरी गेल्यावर वहीत चार प्रश्न लिहा.

एक : रात्री दोन वाजता अडचण आली, तर मी कोणाचं दार वाजवीन? आणि माझं दार कोण वाजवील?

दोन : गेल्या वर्षभरात आपल्या समाजाबाहेरचं कोण माझ्या घरी जेवलं? मी कोणाच्या घरी जेवलो?

तीन : आपल्या गल्लीत भाड्यानं राहायला आलेला परप्रांतीय, शेजारचं मुस्लिम कुटुंब, सफाईचं काम करणारा भाऊ, यांतल्या कितींची नावं मला ठाऊक आहेत? दुसऱ्यांच्या भिंतींबद्दल आपण पोटतिडकीनं बोलतो. पण पोटजात बघून सोयरीक करणारी घरं आपल्यातही आहेत. ती भिंत आपली आहे, ती आपणच पाडायची.

चार : माझ्या घरातली सर्वांत गप्प व्यक्ती कोण? सून असेल, म्हातारी आई असेल, शाळा सुटलेला मुलगा असेल. तिला शिडीवरची तिची पायरी विचारा, आणि उत्तर देईपर्यंत थांबा.

विहारातल्या तरुणांनी मनावर घेतलं, तर हे चार प्रश्न घेऊन घरोघर जाता येईल. हिशेब मांडायला मी आहेच. पुढच्या वर्धापनदिनाला फळ्यावर आकडे लिहू. ते वाईट आले तरी चालतील, खोटे नकोत.

त्या चाळीच्या जागी आता इमारत झाली आहे. आजी कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. त्यांच्या प्रश्नाला मी तेव्हा नुसता हसलो, याची मला आजही खंत आहे. ती चूक तुम्ही करू नका.